पायरीवरची पक्की रांगोळी

ये गं, अशी जवळ सरक. तू कटनीला आणि मी इथं जबलपुरात, ते कळतंय मला. पण लिहायला बसले की माझ्या हिशेबी तू समोरच बसलेली असतेस. तर आधी रागावून घेते. काहून गं, मावशीला फोन लावायचा, ‘ओट्यामागच्या भिंतीला कोणतं कोटिंग लावू’ म्हणून विचारायचं, आणि मावशी तोंड उघडते तोवर तिकडून डब्याचं झाकण उचकटल्याचा आवाज! दुकानदारानं दिलं, म्हणून फासून मोकळी होणार. ते पण फोडणीचं तेल उडालेल्या भिंतीवर. न घासता, न पुसता. तुझे काका असते ना, तर त्यांनी फोनमधून हात घालून तो ब्रश काढून घेतला असता.

काका इथल्या रांझीच्या कारखान्यात रंगखात्यात होते हे तुला माहीत आहे. लोकांना वाटायचं रंग मारणं म्हणजे काय, डबा आणि ब्रश. ते म्हणायचे, डबा उघडणं हे शेवटचं काम. आधी घास, मग पूस, मग वाळू दे, मग हात फिरवून बघ. आणि इतकं सगळं करून कंटाळा आला नाही तरच डबा उघड. रविवारी घरातल्या वस्तूंचा नंबर लागायचा. कधी कूलरचा पत्रा, कधी सायकल, कधी फाटक. मी शेजारी बसून चिंध्या द्यायची, डबा धरायची. मला शिकवलं कोणीच नाही. इंग्रजी अक्षरं पण मी त्या डब्यांवरची वाचून वाचून लावायला शिकले, त्यामुळं अजूनही मला प्रेमपत्रापेक्षा ‘हलवून घ्या, आगीपासून दूर ठेवा’ लवकर वाचता येतं. काका गेल्यावर कूलर मीच रंगवायला लागले. मग शेजारणीचं फाटक. मग गल्लीतल्या अर्ध्या खिडक्यांबद्दल लोक मलाच विचारायला लागले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घास, पूस, वाळव, आणि मग फोन कर. झालं उत्तर. आता माझं ऐक. कोटिंगचं नाव निघालं की मला ती रांगोळी आठवते आणि नेमकी तेव्हाच तू आली नव्हतीस. सगळी मजा हुकली तुझी.

त्याआधी माझा गुडघा एकदा न्हाणीत असा अडकला, की मी बादलीला धरून बसले ती बसलेच. शेजारीण दूध द्यायला आली म्हणून सुटका झाली. ती बिचारी हिंदीभाषी, मला दीदी म्हणते, तिनं घाबरून थेट माझ्या लेकीला नागपूरला फोन लावला. लेक दुसऱ्या दिवशी हजर. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेकून झालं. आणि जाताना फाटकात उभी राहून म्हणाली, ‘‘आई, आता सरळ सांगते. ज्या दिवशी तुला खाली बसून दारात रांगोळी काढता येणार नाही, त्या दिवशी मी तुला नागपूरला नेणार. रोज सकाळी व्हिडिओवर मला रांगोळी दाखवायची.’’

‘‘हे काय नवीन? शाळेत हजेरी घेतात तशी?’’

‘‘हो. हजेरीच.’’

लेकीचं घर वाईट नाही गं. सातव्या मजल्यावर आहे, वारा येतो, जावई सज्जन आहे, मला बघून टीव्हीचा आवाज कमी करतो. पण तिथं मी चहा करताना विचारते, ‘करू का?’ इथं मी विचारत नाही. इथं सकाळी भाजीवाल्या भैयाशी माझं भांडण असतं, दुपारी पेरूच्या झाडावरच्या पोपटांशी, संध्याकाळी नळाशी. माझ्या दाराची कडी मी लावते आणि मी काढते. आणि एकदा या घराला कुलूप लागलं ना, की किल्ली लेकीच्या पर्समध्ये जाणार, मग ती पर्स कधी उघडायची ते मी ठरवणार नाही. हे मला पक्कं कळत होतं. लेक प्रेमानंच म्हणत होती, म्हणून तर जास्त भीती. रागानं म्हणाली असती तर भांडले असते.

काही दिवस काढली रांगोळी. बुटक्या स्टुलावर बसून, दाराची चौकट धरून. काढायला वेळ लागायचा नाही, उठायला लागायचा. उठताना तोंडातून असा काही आवाज निघायचा की गल्लीतलं कुत्रं कान टवकारायचं. एक दिवस मी स्टुलावरून रांगोळीकडे बघत बसले होते, उठायची हिंमत गोळा करत, आणि वाटलं, रोज पुसायची, रोज काढायची, हे ठरवलं कोणी? आपण सायकल रोज रंगवतो का?

अगदी तेव्हाच शेजारणीकडे नवीन दारं बसवून त्यांना पीयूचं, म्हणजे काचेसारखं कडक होणारं, पॉलिश चाललं होतं. काम संपलं, कारागीर गेले, आणि मागे राहिला चकाकी देणाऱ्या बिनरंगी क्लिअरचा अर्धा डबा, त्याला कडक करायला त्यात मिसळायच्या हार्डनरचा छोटा डबा, आणि एक दाबून फवारायचा लॅकरचा डबा. शेजारीण म्हणाली, ‘‘दीदी, इसे फेंक दूँ क्या?’’

मी म्हटलं, ‘‘भाभी, तू जा घरी. मैं देखती हूँ.’’

आधी मी कडप्प्याच्या एका तुटक्या तुकड्यावर करून बघितलं. बरं झालं बघितलं! आपली पांढरी रांगोळी म्हणजे इथल्या संगमरवराची भुकटी. कोरडी असताना दुधासारखी. तिच्यावर क्लिअर टाकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत ती गायब! ओल्या मिठासारखी आरपार झाली, खालचा काळा दगड दिसायला लागला. मी हसावं की रडावं! मग काकांच्या पेटीत सफेद्याची पुडी होती, ती रांगोळीत मिसळली. सफेदा मुळातच रंग, तो लपत नाही. दुसऱ्या तुकड्यावर पांढरी ती पांढरीच राहिली.

मग एक दिवस गुडघा जरा शहाण्यासारखा वागत होता, हवा कोरडी होती. पावसाळी हवेत हे क्लिअर दुधाळ पडतं, तेव्हा नाद करायचा नाही. मी पायरीचा काळा दगड पॉलिश पेपरनं घासला, पुसला, वाळवला. स्टुलावर बसून अशी रांगोळी काढली की काय सांगू! मधे कमळ, भोवती वेल, चार कोपऱ्यांना गोपद्मं, पाकळ्यांत हळद-कुंकवाचे ठिपके. आयुष्यात शेवटची काढते आहे अशा जिद्दीनं काढली, आणि ती शेवटचीच काढायचा बेत होता. मग नाकाला मास्क, त्यावर पदर. लॅकरचा डबा उंचावरून, नुसतं धुकं पडावं तसा फवारला, कारण जवळून मारला तर भुकटी उडून कमळाची भजी होते. थांबले. परत धुकं. भुकटी दगडाला धरली, मग पीयूचे दोन डबे एकत्र केले आणि रुंद ब्रशनं वरून थर दिला. वाळल्यावर दुसरा. शेजारीण फाटकातून बघत होती, पदरानं नाक धरून.

‘‘दीदी, ये अब मिटेगी कैसे?’’

‘‘मिटवायची कशाला? मिटू नये म्हणूनच तर!’’

वाळल्यावर बघितलं तर एका पाकळीच्या टोकाशी एक मुंगी. थर ओला असताना चालत निघाली होती, तिथंच कायमची थांबली. तिचं मला खरंच वाईट वाटलं. पण आता तिला बाहेर काढायचं तर कमळ फोडावं लागलं असतं.

पुढे काय मजा आली म्हणून सांगू! सकाळी आरामात उठायचं, चहा प्यायचा, पायरीवर एक तांब्या पाणी ओतायचं, पायानं कापड फिरवून पुसायचं, एखादं जास्वंद ठेवायचं, आणि लेकीला फोन. एक दिवस जास्वंद, एक दिवस झेंडू, एक दिवस नुसती दूर्वा, म्हणजे वेगळेपणा.

‘‘आई, चमकते गं आज!’’

‘‘आत्ताच सडा टाकला ना. ओली आहे.’’

‘‘डिझाइन कालचंच दिसतंय.’’

‘‘हात बसलाय त्यावर. आता या वयात नवीन शिकू काय?’’

‘‘आणि ती मुंगी…’’

‘‘मुंग्या येतात गं रोज. पिठाची रांगोळी काढायचे पूर्वी, ते त्यांच्यासाठीच तर.’’ अशी मी तिला उलट संस्कृती शिकवली. 

भाजीवाला भैया रोज पायरीला वळसा घालून जायचा. ‘‘माताजी, आपकी रंगोली पे पैर नहीं रखते।’’ म्हणायचा. मला लाज वाटायची, पण थोडीच. मराठी मंडळातल्या बायका एकदा हळदीकुंकवाचं सांगायला आल्या, त्यांनी फोटो काढले, एकीनं विचारलं, इतकी रेघ बारीक कशी येते. मी म्हटलं, मन शांत पाहिजे. शेजारीण आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली, मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

आणि मग एका दुपारी जाऊबाईंचा फोन. माझ्या थोरल्या जाऊबाई, इथंच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, आणि आमच्या सगळ्या कुळाचा रीतिरिवाज त्यांच्या जिभेवर. कोणत्या दिवशी काय शिवायचं नाही, काय खायचं नाही, त्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरी नारळ फुटत नाही.

‘‘ऐकलंस काय? सिहोऱ्याचे मामंजी गेले.’’

हे काकांचे चुलते. नव्वदीच्या पुढचे. सकाळी दूध-भाकरी खाऊन, ‘जरा पडतो’ म्हणून पडले ते गेलेच. असं मरण कोणालाही हवं वाटावं. 

‘‘तर दहा दिवसांचं सुतक,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘देवपूजा बंद, सडा बंद, रांगोळी बंद. मी उद्या सकाळी तुझ्याकडे येते. तुझी लेक पण रातच्या गाडीनं निघते म्हणाली. तिघी बसनं सिहोऱ्याला जाऊ. आणि तुझ्या दारात आजची काढलेली असेल ती पुसून घे आत्ताच.’’

‘‘हो ताई, घेते की,’’ मी म्हटलं. आणि फोन ठेवून तशीच पायरीकडे बघत राहिले. कमळ चमकत होतं. सुतकाच्या घराच्या दारात कमळ, वेल आणि चार गोपद्मं. आणि सकाळी जाऊबाई आणि लेक, दोघी एकदम.

आपल्यात सुतकात दारात रांगोळी नसते, ही साधी गोष्ट. चार वर्षांच्या पोरीला पण माहीत असते. दार बघूनच लोकांना कळतं, या घरी काहीतरी झालंय. आणि मी, रांगोळी पक्की करताना हवेचा विचार केला, धुळीचा केला, सफेद्याचा केला. हा नाही केला. रोजची काढायची तेव्हा ती पुसायची पण असते, हेच मी विसरले.

शेजारणीला हाक मारली. ती थिनरची बाटली घेऊन आली. थिनर ओतलं, कापडानं पुसलं: कमळ आणखी स्वच्छ झालं. ब्लेडनं खरवडून बघितलं: ब्लेड वाकलं. शेजारीण म्हणाली, ‘‘दीदी, इतनी पक्की तो मेरे दरवाज़े की पॉलिश भी नहीं है।’’ त्या घडीला पण मला बरं वाटलं बघ, खोटं कशाला बोलू.

पोतं टाकलं तर बाहेरचं जाळीचं दार त्यात अडकायला लागलं. मग मला तुळशीच्या कुंडीचा गेरू आठवला. वरून गेरू द्यायचा, लाल पायरी, प्रश्न मिटला! गुडघा त्या दिवशी इतका सुजला होता की खाली बसणं शक्य नव्हतं, म्हणून झाडूच्या दांड्याला कुंचला बांधला आणि उभ्यानं गेरू फिरवला. गेरूचं पाणी कमळावरून पळालं. थेंब थेंब होऊन सगळं कडेला. मग त्यात गव्हाच्या पिठाची खळ घातली. जाड झालं, बसलं. दिवेलागणीला बघितलं तर सपाट लाल पायरी, रांगोळीचा मागमूस नाही.

शेजारीण लांबूनच म्हणाली, ‘‘दीदी, घिसा तो था न पहले? आप ही बोलती हो…’’

‘‘आता तू मला शिकवून राहिली काय?’’ मी म्हटलं. सगळ्या गल्लीला सांगते, गुळगुळीत थरावर काहीच धरत नाही, आधी त्याला खरखरीत करा. आणि स्वतः? पण घासायला खाली बसावं लागतं ना गं. बसता आलं असतं तर मग काय हवं होतं.

सकाळी आधी जाऊबाई आल्या. ऑटोतून उतरल्या, पांढरं पातळ, हातात पिशवी. त्यांची एक सवय आहे, कुठूनही आल्या की आधी फाटकाजवळच्या नळावर पाय धुणार, मग घरात. मी विसरले होते. ओल्या पायांनी त्या पायरीवर चढल्या, आणि त्यांनी पुढचं पाऊल उचललं तसा पावलाबरोबर गेरूचा एक पापुद्रा उचलला गेला. पापडासारखा. दुसरं पाऊल, दुसरा पापुद्रा. त्यांनी खाली बघितलं. लाल पायरीच्या मधोमध त्यांच्या पावलांच्या आकाराची दोन भोकं आणि त्यांतून कमळ हसत होतं.

‘‘अगं बाई! हे काय? सुतकात रांगोळी?’’

‘‘ताई, ती जुनीच…’’

‘‘जुनी म्हणजे? पूस म्हटलं होतं ना! आण इकडे फडकं. तुला वाकता येत नाही ते ठाऊक आहे मला, मीच पुसते.’’

‘‘ताई, राहू द्या…’’

‘‘गप.’’

फडकं ओलं करून जाऊबाई बसल्या घासायला. गेरू भराभर निघाला. एक गोपद्म दिसलं, मग वेल, मग सगळं कमळ. त्या आणखी जोरात घासायला लागल्या. जितकं घासावं तितकं चकचकीत! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्यांनी ती रांगोळी अशी लखलखीत केली की दिवाळीत पण तशी दिसली नव्हती. आणि तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. लेक.

ती बॅग घेऊन आत आली, मोठ्या काकूंना पायरीवर बसून रांगोळी पुसताना बघितलं, मला दाराची चौकट धरून उभी बघितलं. खाली वाकली. बोटानं त्या पाकळीला शिवली.

‘‘ही मुंगी,’’ ती म्हणाली. ‘‘ही मुंगी मी रोज बघतेय. मला वाटायचं माझ्या फोनला काहीतरी झालंय.’’

 भिंतीपलीकडे शेजारणीच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला. ती ऐकत होती हे उघड आहे.

‘‘आई, हे काय लावलंयस?’’

‘‘पीयू,’’ मी म्हटलं. ‘‘दोन थर.’’

‘‘म्हणजे तू इतके दिवस काढलीच नाहीस रांगोळी.’’

‘‘एकदा काढली की. चांगली काढली.’’

लेक उभी राहिली. तिचा आवाज शांत होता आणि तीच वाईट गोष्ट. ‘‘बॅग भर आई. सिहोऱ्याहून आलो की आपण नागपूरला निघू. आता काही बोलू नकोस.’’

मी दाराची चौकट आणखी घट्ट धरली.  आणि जाऊबाई, इतका वेळ घासून घासून रागानं लाल झालेल्या, त्यांनी ते फडकं पायरीवर आपटलं आणि माझ्यावरच ओरडल्या, ‘‘इतकं चिकटवायची काय गरज होती तुला? जरा विचारायचं होतंस! माझा बघ, कोपऱ्यातून धरला की सर्रकन निघतो!’’

लेक वळून त्यांच्याकडे बघायला लागली. 

‘‘काय निघतो, ताई?’’ मी हळूच विचारलं.

जाऊबाईंनी पदर सावरला. ‘‘काही नाही.’’

‘‘मोठी काकू,’’ लेक म्हणाली, ‘‘काय निघतो सर्रकन?’’

‘‘स्टिकर,’’ जाऊबाई इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या की त्यांच्या गळ्यात असा आवाज आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ‘‘बाजारात मिळतो. प्लास्टिकचा. काल बातमी कळल्याबरोबर सोलला, कागदावर चिकटवला आणि फ्रिजवर ठेवून आले. कंबर धरते गं माझी. तुला काय वाटलं, तुला एकटीलाच म्हातारपण आलंय?’’

भिंतीपलीकडून ‘‘हाय राम’’ असं ऐकू आलं आणि मग भांडं पडल्याचा आवाज. लेकीनं तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘सुतक आहे, हसू नका,’’ आणि त्याच आधी फुटल्या. तिघी पायरीवर बसून हसलो. म्हणजे त्या दोघी पायरीवर, मी दाराला टेकून. मामंजी असते तर तेही हसले असते, मोठे मिस्कील होते.

हसून झाल्यावर जाऊबाई भानावर आल्या. ‘‘ते काही नाही. ही दारात दिसता कामा नये. निघायच्या आत घालवा. बस गेली तर पुढची धरू.’’

तेव्हा मला सांगावं लागलं कसं ते. काकांच्या पेटीतून खरखरीत पॉलिश पेपर काढून दिला. लेक नोकरीवाली, तिनं आयुष्यात कधी पत्रा घासला नाही. मी खुर्चीवरून सांगत होते, ‘‘गोल नको फिरवू. एकाच बाजूनं. पाणी टाक, नाहीतर धूळ नाकात जाईल. आता हात फिरवून बघ, गुळगुळीत लागतंय काय? मग अजून घास.’’ ती घामाघूम. ‘‘आई, किती पक्कं केलंस गं हे!’’ जाऊबाई म्हणाल्या, ‘‘तिच्या नवऱ्यासारखंच आहे तिचं.’’ शेवटी चकाकी गेली, सगळं धुरकट झालं आणि मग घासलेल्या जागेवर पातळ गेरू दिला, तो धरला, निघाला नाही. जाऊबाईंनी पाय घासून बघितला आणि मान हलवली. पास.

सिहोऱ्याच्या बसमध्ये लेक खिडकीशी बसली होती, मी मधे, जाऊबाई कडेला. बराच वेळ शेतं बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘रांगोळीचं काही नाही आई. पण गुडघा इतका दुखतो, हे भाजीवाल्याला माहीत असेल तितकं पण मला माहीत नव्हतं.’’

 मी म्हटलं, ‘‘तुला सांगितलं असतं तर तू नेलं असतंस.’’

‘‘हो. नेलं असतं.’’

‘‘मग?’’

 जाऊबाई बोलल्या. ‘‘हे बघ पोरी, वाकता येत नाही म्हणून घर सोडायचं, तर आमच्या वयाच्या सगळ्या बायकांनी उद्याच आपापल्या पोरांच्या दारात जाऊन पडावं. चालेल काय तुम्हाला? जागा आहे काय तुमच्याकडे इतकी? ती घरात एकटी पडली आणि कोणाला कळलं नाही, ही खरी भीती ना तुझी? मग त्या भीतीचं बघ. रांगोळीचं काय घेऊन बसलीस?’’

 बस रेल्वेच्या एका फाटकाशी थांबली, गाडी गेली, बस सुटली. मग लेक म्हणाली, ‘‘ठीक आहे. रांगोळी नको. मला रोज माणूस दाखव. रोज सकाळच्या फोनवर तुझ्या घरात आलेलं एक माणूस दिसलं पाहिजे, रोज तेच तेच नको. तुझ्याकडे येणं-जाणं आहे, तू पडलीस तर कोणाला तरी कळेल, एवढं मला दिसू दे. आणि गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं, खरं खरं सांगायचं. ज्या दिवशी माणूस दिसणं बंद होईल, त्या दिवशी मी गाडी घेऊन दारात. मंजूर?’’

‘‘मंजूर,’’ मी म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘मी साक्षीला आहे.’’

आणि तेव्हापासून मी इथंच आहे. डॉक्टरकडे जाते, पट्टा बांधते, खुर्चीवर बसून पाय वर-खाली करते, खोटं नाही. माणसांचं पण चांगलं चाललं होतं. भाजीवाल्या भैयाला मी आत बोलावून चहा देते, तो फोनकडे बघून हात जोडतो, ‘‘नमस्ते दीदी, सब बढ़िया,’’ आणि त्या बदल्यात मी त्याच्याशी कोथिंबिरीवरून भांडत नाही, म्हणजे कमी भांडते. जाऊबाई ऑटोच्या नावानं ओरडत ओरडत आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस शेजारीण. आता शेजारीण एकच, दिवस जास्त, म्हणून एक दिवस तिला मी माझी साडी नेसवली, एक दिवस चष्मा लावला, एक दिवस पाठमोरी बसवली. काल लेक म्हणाली, ‘‘आई, शेजारच्या काकूंनी चष्मा लावला म्हणून त्या दुसऱ्या कोणी होत नाहीत.’’

आणि आज सकाळी शेजारीण सांगून राहिली, की ती महिनाभर माहेरी चालली, शहपुऱ्याला, भावाच्या घरी लग्न आहे. आता मी कोणाला दाखवू? पोपटांना?

तेव्हा बये, ती भिंत राहू दे तशीच, डब्याचं झाकण घट्ट लाव, आणि बस पकड. चार दिवसांच्या तयारीनं ये, वेगवेगळ्या रंगांचे कपडे आण. सकाळी नुसतं फोनसमोर बसून हात हलवायचा आहे, बाकी तुला पोहे, चहा आणि कोटिंगचं सगळं ज्ञान फुकट. उशीर करू नकोस गं. शेजारणीची गाडी परवाची आहे.